न चाखलेला पास्ता

आमच्या ह्यांनी एकेचाळीस वर्षं लोकांच्या घरचा स्वयंपाक केला आणि चुलीवरचं एकदाही चाखून बघितलं नाही. हे मी कौतुकानं सांगते आहे असं कुणाला वाटेल, तर तसं मुळीच नाही. मला त्याचा राग आहे. पूर्वी थोडा होता, आता फार आहे.

बेलापुरात आणि आसपासच्या गावांत त्यांना नृसिंह आचारी म्हणतात. माझे सासरे पौरोहित्य करायचे. ह्यांना मंत्र पाठ होईनात, म्हणून ते कढईकडे वळले, असं सासूबाई सांगायच्या. पण वडिलांचे नियम मात्र सगळे उचलले. नैवेद्याचं पान देवापुढे जाईपर्यंत पातेल्यातला कण जिभेवर ठेवायचा नाही, आणि त्यानंतरही शेवटची पंगत उठल्याशिवाय आचाऱ्यानं जेवायचं नाही. मीठ मुठीनं, तिखट ओंजळीनं आणि बाकी सगळं नाकानं. कढईवर वाकून एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, अजून डाळीला कच्चा वास आहे. पाचशे माणसांची आमटी असो की हजारांची, मीठ कधी इकडचं तिकडे झालं नाही. लोक तोंडावर वाहवा करायचे तेव्हा हे ऐकू न आल्यासारखं दाखवायचे. घरी येताना मात्र चालणं बदललेलं असायचं. मला ते बरोब्बर कळायचं आणि मी मुद्दाम काही बोलायची नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आजारी पडलो. मी उठले ती होते तशी उठले. ह्यांचं नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत येईल. चार वर्षं होऊन गेली. हिंगाची डबी नाकाशी धरून बसायचे, उदबत्तीवर वाकायचे, एकदा मुद्दाम दूध करपवून बघितलं. काही नाही. कुणाला सांगायचं नाही, असं आमच्यात ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली.

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर कामाला जायला लागले. लोक म्हणायचे, काकू या वयात काय हौसेनं येतात. हौस कसली आली आहे. मी त्यांचं नाक झाले होते. त्यांच्या उजव्या हाताला उभी राहायची आणि बेसनाचा कच्चा वास गेला की विचारायची, "पाणी आणू का?" म्हणजे झालं, उतरवा. काही खाली लागायला लागलं की खोकायची. कुणाला कधी संशय आला नाही. लोकांना फक्त एवढंच वाटायचं की ह्या बाईला सारखी पाण्याची काळजी.

आमचं असं चाललं होतं, पण कामंच कमी होत गेली. आता लग्नात पंगत नसते, काउंटर असतात. एका टेबलावर डोसा, दुसऱ्यावर चाट, तिसऱ्यावर पांढरा कोट घातलेला एक माणूस कढई हवेत उडवतो आणि लोक त्याचे फोटो काढतात. गेल्या वर्षी ह्यांच्याकडे दोन लग्नं आली, तीही छोटी. यंदा दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी एकही नाही. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "एक मोठं लग्न करून थांबावं. कुणी थांबवायच्या आधी." मी ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण ह्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे तेवढंच.

आणि वाल्मिकअण्णांचा निरोप आला. अण्णांची वस्ती बेलापूरच्या बाहेर, कॅनॉलच्या पलीकडे, उसाच्या मधोमध. त्यांच्या तिन्ही मुलांची लग्नं, नातवंडांची बारशी, वडिलांचं तेरावं, सगळं ह्यांच्या हातचं. आता नात संस्कृती, पुण्यात कंपनीत नोकरी करते, तिचं लग्न शिर्डीतल्या एका मोठ्या लॉनवर ठरलं होतं. अण्णांनी घरात सांगून टाकलं की आचारी नृसिंहबुवाच, दुसरं नाव काढायचं नाही. नातीनंही नाही काढलं. पण तिची एक इच्छा होती आणि तिनं ती स्वतः फोन करून सांगितली. पोरगी चांगली. उगाच दोष देणार नाही. म्हणाली, काका, मसालेभात, जिलबी, मठ्ठा सगळं तुमचंच हवंय, फक्त एक पास्ता ठेवायचा आहे. साधा, पालेभाजी घातलेला, लसूण आणि चीज, बाकी काही नाही. ऑफिसातून दमून आले की ती आणि होणारा नवरा तोच करून खातात, त्यावरूनच त्यांचं जमलं म्हणे. नगरचा एक केटरर तो करतो, पण तो नुसतं एक काउंटर लावायला येत नाही. घेतला तर सगळा स्वयंपाक त्याचा. तेव्हा काकांना पास्ता जमला तर सगळं काकांचं, नाही तर सगळं त्याचं. पंधरा दिवसांनी मंगळवारी ती सुट्टी घेऊन येणार होती. त्या दिवशी वस्तीवर करून दाखवायचा.

ह्यांनी फोनवर लगेच हो म्हणून टाकलं. मी विचारलं, अहो, पास्ता म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? म्हणाले, शेवयांचा चुलतभाऊ असेल.

शेजारच्या निकितानं शिकवायचं कबूल केलं. ती श्रीरामपूरला कॉलेजात जाते आणि मोबाईल हातातून खाली ठेवत नाही. तिनं पास्त्याचं पाकीट आणलं, चौकोनी पांढऱ्या कागदातलं चीज आणलं आणि आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मोबाईलमधलं वाचून दाखवायला लागली. पहिलंच वाक्य असं की पाणी समुद्राएवढं खारट हवं. हे म्हणाले, समुद्र किती खारट असतो? निकिता नगर जिल्ह्याबाहेर फारशी गेलेली नाही. आम्ही एकदा गणपतीपुळ्याला गेलो होतो. तिथं ह्यांनी पाण्याला नमस्कार केला आणि लांब उभे राहिले. माझ्या तोंडात मात्र लाट गेली होती. मी म्हटलं, तुमच्या आईच्या लोणच्याएवढा. त्यावर हे समजायचं ते समजले आणि मूठ भरली.

पहिल्या दिवशी त्यांनी खिरीच्या शेवयांसारखा मऊ शिजवला. लगदा झाला. निकिता म्हणाली, काका, आत थोडा कच्चा ठेवायचा असतो. ह्यांनी झारा खालीच ठेवला. पाहुण्याला कच्चं वाढायचं? आमच्या वेळी असं वाढलं असतं तर मांडवातनं काढून दिलं असतं. निकितानं चार व्हिडिओ दाखवले, चारही माणसं कच्चाच ठेवत होती. मग एक दिवसभर हे कुणाशी बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी बरोबर थोडा कच्चा ठेवून दाखवला. बोटांत धरून दाबला की मधे बारीक कणी लागते, तिथं उतरवायचा. ते त्यांचं बोटांचं काम होतं, त्यात मी नको होते.

पालेभाजीत मात्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नुसता पालक पाणचट लागेल म्हणाले. पालकात कोवळा चाकवत निम्मा घातला. देठ काढून, चार पाण्यांतनं धुऊन, पिळून न काढता नुसता निथळवून. लसणाच्या पातळ चकत्या तेलात. त्या सोनेरी झाल्या की मी विचारायची, पाणी आणू का. मग पाला पडायचा, कढईभर डोंगर दिसायचा आणि बघता बघता मूठभर व्हायचा. पाला बसल्याशिवाय त्याला मीठ लावायचं नाही हे ते निकिताला शिकवायला लागले. मग पास्ता, पळीभर त्याचंच पाणी, आणि वरून किसलेलं चीज. चौथ्या खेपेला निकितानं ताटली पुसून खाल्ली आणि आईसाठी डब्यात भरून नेला.

मीही खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण मला आवडला. हे मात्र खायचे नाहीत. लसूण आणि चीज आमच्या देवाला चालत नाही, म्हणून नैवेद्य नाही, आणि नैवेद्य नाही म्हणून ह्यांच्या तोंडात नाही. मी म्हटलं, अहो, घरातच तर आहे, कोण बघतंय. म्हणाले, मी बघतोय ना. त्यांनी मोजमाप पक्कं केलं. दहा माणसांना पाण्यात एक मूठ, पाल्याला चिमटी, चीज एवढं. कागदावर नाही, हातातच. आता झोपेत उठवलं तरी चुकणार नाही म्हणाले. त्या पंधरा दिवसांत त्यांचं चालणं पुन्हा पूर्वीसारखं झालं होतं. बाजारात चाकवत निवडताना भाजीवालीशी ते वाद घालत होते, हेही मी कित्येक महिन्यांनी ऐकलं.

मंगळवारी अण्णांनी गाडी पाठवली. ह्यांनी धुतलेलं पांढरं धोतर नेसलं, कमरेला पंचा. वस्तीवर स्वयंपाकघराबाहेर शेगडी मांडून ठेवली होती. घरची दहाबारा माणसं होती, नवरामुलगाही पुण्याहून आला होता. अण्णा सगळ्यांना ओळख करून देत होते. "बुवांच्या हाताला तराजू हाय," असं त्यांनी होणाऱ्या नातजावयाला दोनदा सांगितलं.

ह्यांनी पाला निवडायला घेतला तेवढ्यात संस्कृती आतून एक पुडकं घेऊन आली. काका, हे खरं इटलीचं चीज, खास पुण्याहून आणलंय, आपलं नेहमीचं नको वापरायला. एक पिवळट, विटेसारखा टणक तुकडा होता. ह्यांना आनंद झाला. आचाऱ्याला यजमानांनी चांगला जिन्नस आणून दिला की त्याला मान दिल्यासारखं वाटतं. त्यांनी तो तळहातावर तोलला, आमच्या चौकोनी चीजच्या वजनाशी मनातल्या मनात ताडून बघितला आणि तेवढाच किसला.

मला त्या चीजला ओल्या गोणपाटासारखा वास आला. चांगल्या चीजला कसा वास येतो हे मला कुठं माहीत? बेसनाचं मी सांगू शकते, तुपाचं सांगू शकते, खव्याचं सांगू शकते. हे आधीच वास मारतंय, ते आणखी बिघडलं की सुधारलं हे मी काय ओळखणार. हे माझ्याकडे बघत होते. मी उगाचच पदर सारखा केला. एक कण जिभेवर टाकला असता तर तिथल्या तिथं कळलं असतं की हे नुसतं मीठ आहे, आपल्या चीजच्या दुप्पट खारट आहे. आणि नियम ह्यांचा होता, माझा नव्हता. मला कुणी अडवलं नव्हतं. पण इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी उभं राहून माझाही हात जाईना. दुसऱ्याच्या घरच्या चुलीपाशी उभं राहून मी तोंडात काही घालणं मला सुचलंसुद्धा नाही. याबद्दल मी ह्यांना काहीच बोलू शकत नाही. ही चूक माझीच आहे.

स्वयंपाक बाकी देखणा झाला. लसूण वेळेवर, पाला हिरवागार, पास्त्याला चकाकी. अण्णांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर थोडा काढून घेतला आणि देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढे ठेवून आले. खंडोबाला पुरणपोळीची सवय, त्याचं काय झालं असेल देव जाणे. मग सगळे ओसरीवर बसले. हे दाराशी हात पुसत उभे राहिले, पंगत बसली की आचारी उभा राहतो तसे.

पहिला घास संस्कृतीनं घेतला. तिचा चमचा ताटलीत परत टेकला. नवऱ्यामुलानं दोन घास घेतले आणि पाण्याचा पेला उचलला. संस्कृतीची आई ताटलीकडे बघत राहिली. आमच्याकडे वयस्क माणसाला तोंडावर कुणी बोलत नाही. अण्णा तेवढे खात होते. घास घेत होते, पाणी पीत होते, पुन्हा घास घेत होते. त्यांनी ताटली रिकामी केली.

ह्यांना काही कळेना. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी संस्कृतीनं फार हळू विचारलं, "काका, तुम्ही चाखून बघितला नाही का?"

"बुवा चाखत न्हाईत," अण्णा म्हणाले. "त्यांचा नेम हाय."

"मग आता बघा ना. नैवेद्य झालाय."

तिच्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं. तिला वाटलं असणार की चूक ह्यांच्या लक्षात आली तर हे हसतील, म्हणतील, अरे, चीज खारट होतं, पुन्हा करतो. आणि ती म्हणाली असती, करा. मला आजही वाटतं, ती दुसरी संधी द्यायलाच बघत होती. तिनं स्वतः उठून एका वाटीत थोडा काढला आणि चमचा घालून ह्यांच्या हातात दिला.

शेवटची पंगत उठायची होती. लोक अजून ताटावर होते. एकेचाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते सगळ्यांसमोर करायची पाळी आली होती. मला वाटलं, हे वाटी खाली ठेवतील. त्यांनी डोळे मिटले, पुटपुटले काहीतरी, आणि चमचा तोंडात घातला. सावकाश चावलं. गिळलं. आणखी एक चमचा घेतला.

"मीठ बेताचंच आहे," ते म्हणाले. "वाटलं तर आणखी चिमूटभर घालू."

अण्णांनी मान खाली घातली. संस्कृतीच्या तोंडावरचा भाव बदलला. आधी तिथं संकोच होता, आता दया होती. मी पुढं झाले, ह्यांच्या हातातली वाटी घेतली आणि एक चमचा तोंडात घातला. घसा जळाला. नुसत्या मिठाचा खडा चघळल्यासारखं झालं. आणि हे माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी पाणी आणू का म्हणू शकत नव्हते, खोकूही शकत नव्हते.

नंतर सगळं फार सभ्यपणे झालं. चहा झाला. अण्णांनी मला साडी आणि ह्यांना शाल दिली, जणू काही लग्न पार पडलं. निरोप देताना त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बुवा, लग्नाला तुमी पाव्हणे म्हणून यायचं. पहिल्या पंगतीला बसायचं." बोलताना त्यांचा आवाज घोगरा झाला, तो पास्त्यानं की कशानं ते मला माहीत नाही. गाडी सोडायला येते म्हणत होते, हे नको म्हणाले. आम्ही कॅनॉलच्या कडेनं चालत निघालो.

उसाची तोड चालू होती, ट्रॅक्टर जायचा तेव्हा आम्ही बाजूला व्हायचो. मग त्यांनी विचारलं, "कसा होता?"

"खारट होता. कुणालाच खाववला नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मला काहीच लागलं नाही. चमचा तोंडात आहे एवढंच कळलं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. नाकाबरोबरच गेलं ते."

मी रस्त्यातच थांबले. चार वर्षं ह्या माणसाला मी दोन वेळा जेवायला वाढत होते. आमटी आज छान झालीये म्हणायचे. भाजीला मीठ कमी आहे म्हणायचे आणि ते खरंच कमी असायचं. मी विचारलं, मग ते कसं?

"तू पहिला घास घेतलास की तुझ्या तोंडावर कळायचं," ते म्हणाले. "नाक गेलं तर तू होतीस. जीभही गेली म्हटलं असतं, तर तू मला कामाला जाऊ दिलं नसतंस."

खरंच नसतं दिलं. मला तिथं रडू आलं नाही, संताप आला. नाकाचं सांगितलंत, मग जिभेचं का नाही सांगितलंत, असं मी ओरडले. जीभ गेलेली माहीत असती, तर नियम गेला खड्ड्यात, पातेल्यातलं मीच चाखलं असतं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला वळून बघायला लागला. हे ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, त्या दोघा पोरांना सांगशील का, की मला त्यांच्या लग्नात एकदा शेवटचं उभं राहायचं होतं. मी म्हटलं, कुणाला सांगू आता, आणि सांगून काय करू.

लग्न झालं. आम्ही गेलो नाही. निकिता गेली होती, तिनं मोबाईलवर दाखवलं. पांढऱ्या कोटातला माणूस कढई उडवत होता आणि पालेभाजीचा पास्ता मोठ्या पराती भरून ठेवला होता. गर्दी होती. निकितानं चवीचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे खुर्चीत बसून बाहेर बघत होते. हल्ली ते स्वयंपाकघरात येत नाहीत. झारे, उलथनी, मोठ्या कढया, सगळं धुऊन पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं, स्वतःच्या हातानं. जेवायला वाढलं की जेवतात. कसं झालंय ते सांगत नाहीत, आणि मी घास घेते तेव्हा ते माझ्याकडे बघत नाहीत. मी एकदा आमटीत मीठ घालायलाच विसरले. दोघांनी निमूट जेवून घेतलं.

परवा सकाळी फोन वाजला. मी भाजी निवडत होते, ह्यांनी उचलला. पलीकडे जामखेडकडची दगडाबाई म्हणून एक म्हातारी होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या लग्नाला हे गेले होते, तेव्हापासूनचा नंबर तिनं जपून ठेवलेला. ऐकायला तिला कमी येत असावं, कारण ती ओरडून बोलत होती आणि मला इथवर सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. "नातवाचं जावळ हाय. पाचशे पान हुईल. आचारी हायेत का?"

ह्यांनी क्षणभर फोन कानापासून लांब धरला. मला वाटलं, हो म्हणतील. माझा हात भाजीतच राहिला. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हणा हो. मी येईन, मी उभी राहीन, या खेपेला मी चाखेन.

"आचारी वारले," हे म्हणाले.

"आगं बाई. कवा?"

"महिना झाला. मंगळवारी."

ती हळहळली, फार चांगला मानूस, असा हात पुन्हा व्हायचा न्हाई, असं बरंच काही म्हणाली. हे ऐकत होते, कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच बातमीसारखं. मग तिनं विचारलं, काकू हायेत का, दोन शब्द बोलते. ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि हात मात्र अगदी स्थिर होता.

मी फोन घेतला. तिनं विचारलं, लई त्रास झाला का वो त्यांना?

मी म्हटलं, नाही. जेवता जेवताच गेले. मग ती रडायला लागली, आणि तिचं होईपर्यंत मी फोन कानाशी धरून बसले.